आत्याच्या पुस्तकाचा उन्हाळा

माझ्या आत्याचं पुस्तक छापून घरी आलं तेव्हा पेणच्या आमच्या घरात गणपतींनाच जागा पुरत नव्हती. पडवीत गणपती, माळ्यावर गणपती, न्हाणीकडे जाणाऱ्या बोळात फळ्यांवर ओळीनं बसलेले, अजून रंगाचा हात न लागलेले पांढरे गणपती. त्यात पुस्तकांचे गठ्ठे टेम्पोतून उतरले. बाबा मूर्तिकार; त्यांनी दोन फळ्या रिकाम्या केल्या, लंबोदरांना जरा दाटीनं बसवलं आणि त्यांच्या मागे गठ्ठे रचले. त्यामुळे त्या उन्हाळ्यात पुस्तक न्यायला जो कुणी यायचा, त्याला ते गणपतीच्या पाठीमागून काढून द्यावं लागे. काही माणसं पुस्तकाला शिव्या द्यायला यायची. तीसुद्धा आधी समोर हात जोडायची आणि मग सुरू व्हायची.

पुस्तकाचं नाव होतं 'खुर्ची आम्हीच उचलली'. आत्या रोह्याच्या शाळेत आयुष्यभर शिकवून निवृत्त झाली आणि धाकट्या भावाकडे, म्हणजे आमच्याकडे, पेणला राहायला आली. लग्न केलं नव्हतं. अंगानं काटकुळी, आवाज मात्र तालुक्याला पुरेल असा. शिक्षकांना निवडणुकीची कामं लागतात, तशी तिलाही लागायची, आणि बोटाला शाई लावता लावता तिनं गावोगावची माणसं पाहून ठेवली होती. पुढारी वाईट आहेत असं सगळेच म्हणत. आत्याचं म्हणणं वेगळं होतं. पुढारी खुर्चीत बसतो खरा, पण ती खुर्ची खांद्यावर घेऊन आपणच नाचतो आणि मग खांदा दुखला म्हणून रडतो, असं तिनं लिहिलं होतं. जमिनी कंपनीला गेल्या, पोरांना शिफ्टची नोकरी लागली नाही, रस्त्याला खड्डे पडले, या सगळ्याचा हिशेब तिनं पुढाऱ्याकडे न मागता वाचणाऱ्याकडेच मागितला होता. आणि एक वाक्य तर असं होतं की ते पुस्तकाच्या आधी गावात पोचलं: 'ज्याने निवडणुकीचं मटण खाल्लं, त्याने पाच वर्षं रस्त्याच्या खड्ड्याबद्दल तोंड उघडू नये.'

झालं. आख्ख्या तालुक्यात मटण न खाल्लेला माणूस सापडणं कठीण. आमच्या समोरचे काका शुद्ध शाकाहारी, ते दुसऱ्याच दिवशी छाती पुढे काढून आले. म्हणाले, "मालतीताई, उत्तम लिहिलंत. या लोकांना कुणीतरी सुनवायलाच हवं होतं." आत्या म्हणाली, "तुमच्याकडे श्रीखंडाचे डबे आले होते. पान बत्तीस बघा." काका त्यानंतर महिनाभर आमच्या अंगणातून न जाता मागच्या गल्लीनं वळसा घालून जात. बाजारात कुणी आत्याच्या पाया पडे, कुणी तिला बघून दुकानात शिरे. आत्यानं पुस्तकात एकाही गावाचं नाव घातलं नव्हतं. पण नागोठण्याचे लोक म्हणत ही आमची पंगत, वरशाचे म्हणत छे, असं मटण आमच्याकडेच होतं. निंदा असो की काही असो, ती आपलीच असावी असा माणसांचा हट्ट असतो, हे मला तेव्हा कळलं. पुढे कोर्टात वकिली करताना ते ज्ञान फार उपयोगी पडलं.

मासे घेऊन येणारी हिराबाई खाडीकडच्या गावातली. तिला वाचता येत नव्हतं, पण बाजारात बसल्या बसल्या तिनं सगळं ऐकलं होतं. पाटी उतरवून ती ओट्यावर टेकली आणि आत्याला म्हणाली, "बाय, तुज्या बुकान माजा नाव हाय काय?"

आत्या म्हणाली, "नाही गो हिराबाई. कुणाचंच नाही."

"मंग सगला पुडाऱ्यांचाच लिवलास? आमी मत देत नाय काय?" असं म्हणून तिनं आत्यानं निवडलेली ताजे बोंबील पाटीत परत टाकले आणि शिळे काढून दिले. आमच्या घराला पुस्तकाची पहिली झळ बसली ती ही अशी.

घरातही दोन तट होतेच. मला अजून ती दुपार आठवते. अंगणात चटयांवर आईचे पोह्याचे पापड वाळत पडलेले, कावळ्यांसाठी माझ्या हातात काठी, चुलीवर वालाचं बिरडं रटरटतंय, आणि पडवीतून बाबांच्या ब्रशचा डब्याच्या काठावर टिचकी मारल्यासारखा आवाज येतोय. आई पुस्तकाच्या बाजूची. ती पापड लाटता लाटता मला मोठ्यानं वाचायला लावी आणि मध्येच लाटणं थांबवून म्हणे, "खरंय वन्संचं. अगदी खरंय." बाबा विरुद्ध. ते कधी वाद घालत नसत. गणपतीच्या डोळ्यांची आखणी करताना त्यांचा श्वाससुद्धा ऐकू येत नसे. पण एक डोळा पुरा झाला की दुसऱ्याला हात घालण्यापूर्वी ते शांतपणे म्हणत, "अक्का, भुकेल्या माणसापुढं ताट आलं तर तो जेवणारच. त्यात त्याचं काय चुकलं?"

"जेव ना! पण मग विकला गेलो म्हणून ओरडू नको," आत्या आतून ओरडे.

"मी कुठं ओरडतो?" बाबा म्हणत आणि दुसऱ्या डोळ्याला हात घालत. ओरडणारी तीच, हे सगळ्यांना दिसत असे, पण हसायची कुणाची छाती नव्हती.

मी? मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते आणि मला फक्त लाज वाटत होती. आपल्या आत्यानं पाककृतीचं पुस्तक लिहिलं असतं तर काय बिघडलं असतं, असं मला वाटे. कॉलेजात मुलं मला बघून 'मटण, मटण' करत. मी मान खाली घालून जायची.

मग एक दिवस रोह्याहून निरोप आला की तिथल्या मोठ्या मंडळानं यंदाची मूर्ती रद्द केली आहे. ती मूर्ती आमच्या कारखान्यातलं त्या वर्षाचं सगळ्यात मोठं काम. अंगणाच्या कोपऱ्यात खास मांडव घालून ती उभी केली होती, सोंडेपर्यंत काम आलं होतं. एवढी मोठी मूर्ती आयत्या वेळी दुसरं कोण घेणार? मंडळाचे अध्यक्ष आप्पा. आप्पा म्हणजे रोह्यातलं बडं प्रस्थ, स्वतः निवडणुका लढवायचे, आणि पुस्तकातली पंगत आपलीच हे त्यांनी पहिल्या दिवशीच ओळखलं होतं. आत्या पहिल्यांदाच बारीक आवाजात म्हणाली, "वसंता, माझ्यामुळे झालं रे हे." बाबांनी हात पुसले, मांडवाकडे बघितलं आणि म्हणाले, "माणसं रुसतात अक्का. काम अर्धं टाकून चालत नाय." आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच मूर्तीच्या मुकुटाचं काम काढून बसले. पुस्तक पटलेलं नसताना त्यांनी आत्याला एकदाही 'कशाला लिहिलंस' असं विचारलं नाही. हे मोठेपण आहे हे मला कळायला बरीच वर्षं जावी लागली.

पुढच्याच आठवड्यात हमीदभाई आले. रोह्यात त्यांचा छोटा छापखाना होता, लग्नपत्रिका आणि उरुसाची पत्रकं छापायचे, आणि आत्याचं पुस्तकही त्यांनीच छापलं होतं. थोरला मुलगा गल्फमध्ये, तो तिकडून पत्र लिही की मशीन विका आणि आराम करा, पण हमीदभाईंना शाईच्या वासाशिवाय जेवण जात नसे. खुर्चीत बसून, आईच्या हातचं सरबत पिऊन त्यांनी पिशवीतून दोन हँडबिलं काढली. एक गुलाबी, एक पिवळं. गुलाबी पत्रकावर मालतीबाईंचा जाहीर सत्कार, पिवळ्यावर मालतीबाईंच्या पुस्तकाचा जाहीर निषेध. दिवस तोच, वेळ तीच, जागा रोह्याच्या वाचनालयाचा हॉल.

"दोन्ही तुम्हीच छापलीत?" आईनं विचारलं.

"व्हय. दोन्ही गिऱ्हाइकं माझीच. धंदा हाय बाई," हमीदभाई ओशाळून म्हणाले. "पण वाचनालयाच्या शिपायाचा काय दोष नाय. दोघांनी जाऊन त्याला सांगितलं, मालतीबाईंचा कार्यक्रम हाय. त्याला वाटलं एकच कार्यक्रम. त्यानं एकदाच लिहून घेतला."

आत्या इतकी हसली की तिला ठसका लागला. आई म्हणाली, वन्सं, तुम्ही मुळीच जायचं नाही. आत्या म्हणाली, सत्काराचं आमंत्रण आहे, निषेधाचं नाही, पण एका तिकिटात दोन्ही होतायत तर सोडायचं कशाला? बाबांनी पडवीतून सांगितलं, "मी येतो बरोबर." आणि मग माझ्याकडे न बघता, "नंदा पण येईल."

एस.टी.नं आम्ही तिघं निघालो. नागोठण्याच्या पुढं बसमध्ये एक म्हातारा आत्याला म्हणाला, "तुम्हीच काय मटणवाल्या बाई?" आत्या म्हणाली, "व्हय." त्यानं उठून तिला खिडकीची जागा दिली. ती दाद होती की कीव, ते कळलं नाही.

हॉलमध्ये शिरलो तेव्हा खुर्च्यांवरून भांडण चाललं होतं. सत्कारवाल्यांचे पुढारी प्रधान मास्तर, वाचक मंडळ चालवणारे, झब्बा घातलेले, शब्द तोलून बोलणारे गृहस्थ. त्यांच्या टेबलावर शाल आणि नारळ. निषेधवाल्यांचे पुढारी अर्थातच आप्पा, पांढरे कपडे, जाड मिशा, मागं त्यांची चाळीसपन्नास पोरं. पण मांडववाल्यानं खुर्च्या एकाच कार्यक्रमाच्या आणल्या होत्या, माइकही एकच, चहाही एकच. शेवटी मधून एक वाट सोडून डाव्या हाताला सत्कार आणि उजव्या हाताला निषेध बसला. लग्नात वरपक्ष आणि वधूपक्ष बसतात तसा. आणि खरं सांगायचं तर दोन्हीकडे बायका आपसात नाती शोधत होत्याच.

प्रधान मास्तर पहिल्यांदा बोलले. मालतीबाई म्हणजे मशाल, मालतीबाई म्हणजे आसूड, मालतीबाई म्हणजे निद्रिस्त समाजाला आलेली जाग. उजवीकडून 'बंद करा' चालूच होतं. आत्या जांभई दाबत होती. मग आप्पांनी माइक ओढला आणि म्हणाले की या पुस्तकानं आख्ख्या गावाची बदनामी केली आहे, आमच्याकडे असलं काही होत नाही, बाईंनी माफी मागावी. डावीकडून आरडाओरडा. दोन पोरं उठून उभी राहिली. एक खुर्ची पडली. बाबांनी हळूच माझा हात धरला.

आत्या उठली. तिनं माइक घेतलाच नाही, तिला त्याची गरज नव्हती. म्हणाली, "वाचल्याशिवाय सत्कार नको आणि ऐकल्याशिवाय निषेध नको. आधी दोन पानं वाचूया, मग शाल घाला नाहीतर चपलांचा हार." आणि पुस्तक माझ्या हातात दिलं. "तू वाच. मी वाचलं तर हे लोक माझ्या तोंडाकडं बघत बसतील."

मी पुस्तक परत द्यायला हात पुढं केला. पण आत्याच्या हातातून आलेली वस्तू परत करायची नसते, एवढं घरात शिकले होते. मी वाचायला लागले. पहिली ओळ मलाही ऐकू आली नाही. मागून कुणीतरी ओरडलं, "मोठ्यानं!" आणि गंमत म्हणजे तो निषेधवाला होता. त्याला ऐकायचं होतं! माझा आवाज सुटला.

"'निवडणुकीच्या आदल्या दिवशी आमच्या गावाला फार भूक लागते,'" मी वाचलं. "'एरवी पथ्यावर असलेली माणसंही त्या दिवशी मांडी ठोकून बसतात, आणि जेवू घालणारा राज्य चांगलं चालवील अशी खात्री पटूनच उठतात. मी ज्या पंगतीबद्दल लिहिते आहे, तिथं भात सढळ होता, मीठ बेताचं होतं, आणि रस्सा इतका पातळ होता की त्यात वाढप्याचं तोंड दिसत होतं...'"

"पातळ?" आप्पा ताडकन उठले. "कोण म्हणतो पातळ? आठ बकरी कापली होती! मसाला माझ्या सासूनं स्वतः कांडला होता! पातळ कोण म्हणतो?"

मग उजवीकडच्या मागच्या ओळीतून, त्यांच्याच पोरांतून, कुणीतरी फुसकन हसलं. आणि मग सगळा हॉल हसत सुटला. डावे हसले, उजवे हसले, दारातला शिपाई टोपी तोंडावर धरून हसला. आप्पांना आपण काय बोललो ते तेव्हा उमगलं. त्यांचा चेहरा कुंकवासारखा झाला.

"आप्पा, खाली बस," आत्या म्हणाली. तिनं त्यांना चौथीत शिकवलं होतं. आप्पा चटकन खाली बसले, आणि बसल्यावर आणखी हशा झाला.

पण आप्पा हार मानणारे नव्हते. त्यांना हॉलमध्ये बाबा दिसले. "हा वसंता पेंटर," ते बोट दाखवून म्हणाले, "हा त्या दिवशी जेवायला होता. मूर्तीचं ठरवायला आला होता, मीच बसवला होता पानावर. सांग वसंता, देवाची मूर्ती घडवतोस, खोटं बोलू नको. रस्सा पातळ होता?"

सगळ्या माना बाबांकडे वळल्या. एका बाजूला सख्खी बहीण, दुसऱ्या बाजूला रद्द झालेली मूर्ती. बाबांना चार माणसांत बोलायची सवय नव्हती. ते उठले, शर्टाची कड दोनदा खाली ओढली आणि गणपतीच्या डोळ्यावर ब्रश टेकवण्यापूर्वी थांबत तसे थांबले.

"पहिल्या पंगतीला दाट होता," ते म्हणाले. "मी बघितला. तुमच्याबरोबरची माणसं बसली होती. मी तिसऱ्या पंगतीला बसलो. तिसऱ्या पंगतीला पातळ होता."

या वेळी कुणी हसलं नाही. उजवीकडं मागं बसलेल्या पोरांनी एकमेकांकडं पाहिलं. त्यातले बहुतेक तिसऱ्या पंगतीचे असावेत. एक म्हणाला, "व्हय, आमाला पन पातळच आला होता." दुसरा म्हणाला, "आमच्या वेळी तर नुसतं पाणी."

मग आप्पा उठले आणि त्यांनी हात वर केला, वर्गात करतात तसा. "बाई, बोलू?"

"बोल."

"पाणी घातलं, खरंय. माणसं वाढत गेली, बकरी संपली. मी काय करणार? एका निवडणुकीला मी जेवण ठेवलं नव्हतं, बाई. ठरवून. लोक म्हणाले आप्पा चिक्कू झाला, आणि पाडला मला. तुम्ही खाणाऱ्यांचं लिहिलंत. वाढणाऱ्याच्या पोटात काय होतं ते कोण लिहिणार?"

आत्यानं चष्मा काढला. ती म्हणाली, "हे मला सुचलं नाही रे. राहिलं."

त्यावर सगळ्यात जास्त कोण चिडलं असेल तर प्रधान मास्तर. "बाई, तुम्ही त्यांचं मान्य करता? मग आम्ही सत्कार कशाचा करायचा?" ते शाल उचलून तरातरा निघाले, नारळ मात्र टेबलावर राहिला. निषेधवाल्यांपैकी एकानं तो दाराच्या उंबऱ्यावर फोडला आणि खोबरं दोन्ही बाजूंना वाटलं. चहा आला. त्या दिवशी हॉलमधून पुस्तकाच्या जितक्या प्रती गेल्या तितक्या एका बैठकीत पुन्हा कधी गेल्या नाहीत, आणि घेणारे बहुतेक निषेधाला आलेले होते. हमीदभाई कोपऱ्यात उभे राहून बोटांवर काहीतरी मोजत होते, दुसऱ्या आवृत्तीचा कागद असणार. ती आवृत्तीही निघाली. तिच्यात वाढणाऱ्याचं एक वेगळं प्रकरण आहे, आणि माझ्या मते पुस्तकातलं तेच सगळ्यात चांगलं.

आप्पा आठवडाभरानं पेणला आले. मांडवातल्या मूर्तीभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि बाबांना म्हणाले, "मुकुट झाला पण?" बाबा म्हणाले, "झाला." एवढंच बोलणं झालं. मूर्ती रोह्याला गेली. पुस्तकाचा वाद मात्र मिटला नाही, मिटायचा नसतोच. पुढं किती वर्षं लोक मला भेटले की सांगत, तुमच्या आत्याचं एक पटलं, एक नाही पटलं. मुलांनी कॉलेजात 'मटण, मटण' करणं सोडलं नाही, पण आता मी थांबून विचारी, "कितव्या पंगतीला बसला होतास?"

एक गोष्ट सांगायची राहिली. त्या पुस्तकात पन्नासाव्या पानावर कुठंतरी एक साधं वाक्य होतं, ज्यावर कुणीच भांडलं नव्हतं: बाईचं मत तिच्या नवऱ्याच्या बोटानं पडतं. आमच्या घरातही तसंच होतं. मतदानाच्या सकाळी बाबा चहा पिता पिता चिन्ह सांगत आणि आई मान हलवी. पुढच्या निवडणुकीत मी पहिल्यांदा मत द्यायला गेले, आई माझ्या पुढं रांगेत होती, नवं लुगडं नेसलेली. बाहेर आल्यावर बाबांनी नेहमीच्या सवयीनं विचारलं, "दिलंस ना?"

"दिलं," आई म्हणाली.

"तिथंच ना?"

आईनं पदर खोचला. "ते मी नाय सांगणार."

बाबा रस्त्यात उभेच राहिले. आत्या मागून येत होती, तिनं ऐकलं आणि आईचा हात धरला. दोघी पुढं चालत्या झाल्या, मीही त्यांच्या मागोमाग. बाबा जरा वेळानं हसत हसत आम्हाला गाठायला आले. आई आता ऐंशी ओलांडून गेलीय, बाबा नाहीत, आत्याही नाही. परवा मी आईला म्हटलं, आता तरी सांग, त्या वेळी कुणाला दिलं होतंस? तिनं तोंडातला पानाचा विडा एका गालातून दुसऱ्या गालात नेला आणि म्हणाली, "तू वकील ना? मग शोध."